बालकांवरील लैंगिक अत्याचार, सरकारी उपाययोजना आणि पोक्सो कायद्यातील शिक्षा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोक्सो म्हणजे नेमका कोणता कायदा, आणि बलात्काराचा कायदा असताना तो वेगळा का करावा लागला?

‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’ हे त्याचे पूर्ण नाव आहे. संसदेने तो मे २०१२ मध्ये संमत केला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला, म्हणजे बालदिनी, तो लागू झाला. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती या कायद्याच्या दृष्टीने बालक आहे, मग ती मुलगी असो वा मुलगा.

या शेवटच्या शब्दासाठीच वेगळ्या कायद्याची गरज होती. भारतीय दंड विधानातील बलात्काराची व्याख्या केवळ स्त्रीपुरती होती. मुलावर अत्याचार झाला, तर पोलिसांच्या हाती मुख्यतः ‘अनैसर्गिक’ संभोगाविषयीचे कलम ३७७ उरत असे, आणि ते मुळात बालकांच्या संरक्षणासाठी लिहिलेलेच नव्हते. मुंबईत कुलाब्याच्या ‘अँकरेज’ निवाऱ्यातील मुलांचे शोषण करणाऱ्या दोन ब्रिटिश नागरिकांना सत्र न्यायालयाने २००६ मध्ये दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांना निर्दोष सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये मूळ शिक्षा पुन्हा कायम केली. या साऱ्या प्रवासात त्या मुलांसाठी म्हणून केलेला कायदा देशात अस्तित्वात नव्हता. गोव्याने मात्र मडगावच्या फ्रेडी पीट्स प्रकरणाचा, म्हणजे अनाथाश्रम चालवणाऱ्यानेच मुलांचे शोषण केल्याच्या प्रकरणाचा, धडा घेऊन २००३ मध्येच स्वतःचा बाल कायदा केला आणि त्यात स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद केली. केंद्राला तिथवर पोहोचायला आणखी नऊ वर्षे लागली.

अत्याचार खरोखरच वाढले आहेत, की फक्त नोंदी वाढल्या आहेत?

नोंदी वाढल्या आहेत, याबद्दल वाद नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार देशात बालकांविरुद्धचे एकूण गुन्हे २०२१ मध्ये १,४९,४०४, २०२२ मध्ये १,६२,४४९ आणि २०२३ मध्ये १,७७,३३५ होते. २०२३ च्या आकड्यात अपहरणाखालोखाल पोक्सोचा वाटा मोठा असून तो ३८.२ टक्के आहे.

मात्र या चढत्या आकड्यांचा सरळ अर्थ लावताना सावध राहिले पाहिजे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून केलेल्या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. म्हणजे हा कायदा येण्यापूर्वीही अत्याचार होतच होते, पण ते पोलीस ठाण्यापर्यंत पोहोचत नव्हते. आज एखाद्या जिल्ह्यात पोक्सोचे गुन्हे कमी दिसले, तर तिथली मुले सुरक्षित आहेत असे मानण्याआधी तिथे मुलांचे ऐकून घेणारे कोणी आहे का, हे विचारावे लागेल.

सरकारने गेल्या काही वर्षांत नेमके काय केले?

जानेवारी २०१८ मध्ये जम्मू-काश्मीरमधील कठुआ येथे आठ वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला आणि तिच्यानंतर देशभर उसळलेल्या संतापातून त्याच वर्षी फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराला किमान वीस वर्षे आणि कमाल फाशी अशी शिक्षा आली. पुढच्या वर्षी पोक्सो कायद्यातच मोठी दुरुस्ती झाली आणि १६ ऑगस्ट २०१९ पासून वाढलेल्या शिक्षा लागू झाल्या. मार्च २०२० मध्ये नवे नियम आले. १ जुलै २०२४ पासून दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी पोक्सो हा विशेष कायदा म्हणून जसाच्या तसा कायम आहे.

न्यायालयीन बाजू मात्र सरकारपेक्षा सर्वोच्च न्यायालयाने पुढे ढकलली. जुलै २०१९ मध्ये त्या न्यायालयाने बालकांवरील बलात्कारांच्या वाढत्या घटनांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा समोर आलेले आकडे आजही वाचण्याजोगे आहेत. त्या वर्षीच्या पहिल्या सहा महिन्यांत देशभरात २४,२१२ गुन्हे दाखल झाले होते. त्यांपैकी ६,४४९ प्रकरणांत खटला सुरू झाला होता आणि निकाल लागला होता केवळ ९११ प्रकरणांचा. शंभरावर पोक्सो खटले प्रलंबित असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र न्यायालय स्थापन करावे, असा आदेश न्यायालयाने दिला. ऑक्टोबर २०१९ पासून केंद्राच्या महिला सुरक्षेसाठीच्या निर्भया निधीतून जलदगती विशेष न्यायालयांची योजना सुरू झाली. तीत १,०२३ न्यायालये ठरली आणि त्यांतली ३८९ केवळ पोक्सोसाठी होती. पुढे या योजनेला ३१ मार्च २०२६ पर्यंत मुदतवाढ देण्यात आली.

कोणत्या गुन्ह्याला किती शिक्षा आहे?

शरीरात कोणत्याही प्रकारे प्रवेश करून केलेला लैंगिक हल्ला हा कलम ३ खालील गुन्हा असून त्याला किमान दहा वर्षांच्या कारावासापासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मूल सोळा वर्षांखालील असेल, तर किमान मर्यादा वीस वर्षांवर जाते आणि जन्मठेपेचा अर्थ उरलेले संपूर्ण आयुष्य असा होतो. हाच गुन्हा कलम ५ मध्ये सांगितलेल्या परिस्थितीत घडला, तर तो अधिक गंभीर ठरतो. या कलमात पोलीस, लोकसेवक, शाळेचे, रुग्णालयाचे किंवा वसतिगृहाचे कर्मचारी येतात, रक्ताचे, दत्तक किंवा विवाहाने जोडलेले नातलग येतात आणि एकाच घरात राहणारेही येतात. मूल बारा वर्षांखालील असणे, ते अपंग असणे, अत्याचार वारंवार होणे, तो अनेकांनी मिळून करणे किंवा त्यातून गर्भधारणा होणे, याही गोष्टी गुन्ह्याला याच कलमात नेतात. शिक्षा किमान वीस वर्षे, पुढे मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशी.

प्रवेश नसलेला, पण लैंगिक हेतूने केलेला स्पर्श हा कलम ७ खालील लैंगिक हल्ला आहे आणि त्याला तीन ते पाच वर्षे शिक्षा आहे. तो करणारा वर सांगितलेल्यांपैकी कोणी असेल, तर शिक्षा पाच ते सात वर्षे होते. अश्लील शेरे, हावभाव, मुलाला अश्लील चित्रफीत दाखवणे, त्याचा सतत पाठलाग करणे हा लैंगिक छळ असून त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुलाचा अश्लील चित्रणासाठी वापर केल्यास किमान पाच वर्षे आणि पुन्हा दोषी ठरल्यास किमान सात वर्षे कारावास होतो. या सर्व शिक्षांसोबत दंडही आहे. एकच कृत्य पोक्सो आणि न्याय संहिता या दोन्हींत बसत असेल, तर ज्यात शिक्षा अधिक, तीच लागू होते.

फाशीच्या तरतुदीमुळे गुन्हे थांबतात का?

हा प्रश्न दर मोठ्या घटनेनंतर विचारला जातो, आणि भावना समजण्यासारखी असली तरी उत्तर आकड्यांकडे पाहून द्यायला हवे. २०२३ मध्ये पोक्सोच्या कलम ४ आणि ६ (कलम ३ व ५ मधील गुन्ह्यांच्या शिक्षेची कलमे) खाली नोंदल्या गेलेल्या ४०,४३४ प्रकरणांपैकी ३९,०७६ प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच होता. शेजारी, काका, शिकवणीचे सर, घरी येणारा-जाणारा. अशा माणसाला फासावर चढवणारी तक्रार आपल्या तोंडून जावी, हे ओझे घरातली आई किंवा आजी किती सहज उचलेल? शिक्षा जितकी जड, तितके नातलगांचे ‘घरातलं घरात मिटवा’ वाढण्याचा धोका असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कायद्याने शिक्षेची कमाल मर्यादा गाठली आहे. शिक्षा होईलच याची खात्री मात्र अजून यायची आहे, आणि ती तपास, साक्ष व वेळेवरचा निकाल यांतूनच येईल. फाशी सुनावली गेली तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कपड्यांवरून केलेला स्पर्श गुन्हा ठरत नाही, असा निकाल होता ना?

होता, पण तो टिकला नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, त्वचेचा त्वचेला थेट स्पर्श झाला नसल्यामुळे कलम ७ लागू होत नाही, असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निकाल रद्द केला आणि स्पर्शामागचा लैंगिक हेतू महत्त्वाचा आहे, असे स्पष्ट केले. आज कपड्यांवरून केलेला असा स्पर्शही गुन्हाच आहे.

व्हॉट्सॲपवर मुलांचे अश्लील चित्रण आले आणि ते फोनमध्ये राहिले, तर?

ते पुढे पाठवणे हा गुन्हा आहेच. पण जवळ बाळगणे, न पुसणे आणि संबंधितांना न कळवणे हेही कलम १५ नुसार शिक्षापात्र ठरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात हे स्पष्ट केले. अशा सामग्रीला ‘बाल अश्लील चित्रण’ असे सौम्य नाव न देता बालकांच्या लैंगिक शोषणाची व अत्याचाराची सामग्री म्हणावे, असेही न्यायालयाने सुचवले, कारण त्या प्रत्येक चित्रामागे प्रत्यक्ष घडलेला गुन्हा असतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर नाव न देताही याची तक्रार करता येते.

तक्रार कोणी करायची? पालकांनीच गेले पाहिजे का?

नाही. ज्याला गुन्हा घडल्याचे कळले, किंवा घडेल अशी धास्ती वाटते, त्या कोणालाही कळवता येते. एवढेच नव्हे, कलम १९ नुसार कळवणे हे कर्तव्य आहे. पोलिसांना न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. बालकाला मात्र न सांगितल्याबद्दल कोणतीही शिक्षा नाही.

डॉक्टरही यातून सुटत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहात आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो आदेश फिरवला आणि अत्याचाराची माहिती असून न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे म्हटले.

फोन करायचा असल्यास १०९८ किंवा ११२. १०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतून सुरू झाली. २०२३ पासून ती केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेअंतर्गत ११२ शी जोडण्यात आली असून राज्य सरकारमार्फत चालते.

पोलीस ठाण्यात गेल्यावर काय व्हायला हवे?

सर्वाधिक अपेक्षाभंग याच पायरीवर होतात, म्हणून हे उत्तर थोडे लांबवीत आहोत.

माहिती मिळताच ती लिहून घेणे, सांगणाऱ्याला वाचून दाखवणे आणि मूल स्वतः सांगत असेल, तर त्याला कळेल अशा साध्या भाषेत लिहिणे पोलिसांवर बंधनकारक आहे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला, हे परत पाठवण्याचे कारण होऊ शकत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे वर्ग करता येतो. प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता आणि आई-वडील किंवा मुलाच्या विश्वासातील व्यक्ती सोबत असताना घ्यायचा असतो. मुलाला रात्री कोणत्याही कारणाने ठाण्यात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठीची जिल्ह्यातील समिती) आणि विशेष न्यायालयाला कळवावे लागते. तपास दोन महिन्यांत पूर्ण व्हावा, असे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, सांगते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे बालवर्गातील दोन लहान मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचे समोर आले, तेव्हा यातल्या बहुतेक गोष्टी घडल्या नाहीत. पालकांना गुन्हा दाखल होण्यासाठी तासन्‌तास ताटकळावे लागले आणि २० ऑगस्टला शहर रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने दोनच दिवसांत स्वतःहून दखल घेतली, पोलिसांच्या विलंबाबद्दल आणि शाळेने न कळवल्याबद्दल कठोर शब्द वापरले. पुढे २३ सप्टेंबरला आरोपीचा पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला. अनेकांनी त्याला न्याय मानले, पण त्यामुळे त्याच्यावरचा खटला चाललाच नाही आणि पुरावा न्यायालयात तपासला गेला नाही. पहिल्या दिवशी जबाब नीट नोंदवला गेला असता, तर पुढची बरीच उलथापालथ कदाचित टळली असती.

वैद्यकीय तपासणीसाठी आधी गुन्हा नोंदवावा लागतो का?

नाही. तातडीच्या उपचारासाठी कोणतेही रुग्णालय पोलिसांचे पत्र किंवा अन्य कागद मागू शकत नाही, आणि सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार व उपचार विनामूल्य द्यावे लागतात. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच, आई-वडील किंवा विश्वासातील व्यक्तीसमोर करायची असते. दोन बोटांच्या चाचणीवर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली असून ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणाऱ्यांवर गैरवर्तनाची कारवाई होईल, असेही बजावले आहे.

मुलाला न्यायालयात आरोपीसमोर उभे राहावे लागते का?

राहावे लागू नये, अशी कायद्याची रचना आहे. पडदा, एकतर्फी काच किंवा दृक्‌श्राव्य माध्यम वापरून मूल आरोपीला पाहणार नाही, अशी व्यवस्था करायची असते. सुनावणी बंद दालनात होते. वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारतात. मुलाला वारंवार बोलावता येत नाही. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष आणि शक्य तेथवर एका वर्षात निकाल, असे कलम ३५ सांगते. ‘शक्य तेथवर’ हे दोन शब्द तेथे फार मोठी जागा अडवून बसले आहेत.

बालकल्याण समिती मुलासाठी सहायक व्यक्ती नेमू शकते. जबाबापासून निकालापर्यंत कुटुंबाच्या सोबत राहणे, तारखा सांगणे आणि खटल्याची स्थिती समजावणे हे तिचे काम. अनेक पालकांना अशी सोय असते, हेच ठाऊक नसते. पहिल्याच भेटीत समितीकडे ती मागावी.

आरोपीने निर्दोषत्व सिद्ध करायचे असते, हे खरे का?

काही अंशी. कलम ३, ५, ७ आणि ९ खालील खटल्यांत, उलट सिद्ध होईपर्यंत, आरोपीने गुन्हा केला असे न्यायालय गृहीत धरते. परंतु गुन्ह्याची मूलभूत तथ्ये आणि बालकाचे वय अभियोग पक्षालाच आधी सिद्ध करावी लागतात. म्हणून जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला सुरुवातीपासून जपून ठेवावा.

दोन्ही कुटुंबांनी आपसात मिटवले, तर प्रकरण संपते का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातील एका शिक्षकाच्या प्रकरणात, तडजोड झाली म्हणून असा गुन्हा रद्द करता येणार नाही, असा निर्णय दिला. गावकीच्या बैठकीत पैसे ठरवून किंवा लग्न लावून देऊन ‘मिटवलेले’ प्रकरण कायद्याच्या दृष्टीने मिटलेले नसते, आणि बैठकीत बसलेल्यांवर न कळवल्याचा गुन्हा येऊ शकतो.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या प्रेमसंबंधांनाही हाच कायदा लागतो का?

लागतो. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या संमतीला या कायद्यात अर्थ नाही. मुलगी पळून गेली म्हणून वडिलांनी पोक्सोखाली तक्रार द्यावी आणि वीस वर्षांच्या मुलावर दहा वर्षांच्या किमान शिक्षेची टांगती तलवार यावी, अशी प्रकरणे न्यायालयांसमोर सतत येतात. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय कमी करण्यास विरोध केला, मात्र सोळा ते अठरा वयोगटातील मूक संमतीच्या प्रकरणांत शिक्षा ठरवताना न्यायाधीशांना मर्यादित विवेकाधिकार असावा, असे सुचवले. अत्याचारासाठी केलेले हत्यार नात्यांतल्या रागासाठी वापरले जाते, ही अडचण खरी आहे. पण वय सरसकट खाली आणले, तर त्याचा पहिला फायदा घरातल्याच शोषकाला मिळेल, हीही भीती तितकीच खरी आहे.

आरोपी स्वतःच अल्पवयीन असेल तर?

प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जाते. आरोपी सोळा ते अठरा वयाचा आणि गुन्हा निर्घृण प्रकारातील असेल, तर प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवता येतो. फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप मात्र देता येत नाही.

नुकसानभरपाई कशी मिळते?

दोन मार्ग आहेत. विशेष न्यायालय गुन्हा दाखल झाल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाई देऊ शकते आणि आदेशानंतर तीस दिवसांत राज्य सरकारने ती द्यायची असते. त्यासाठी आरोपी दोषी ठरण्याची वाट पाहावी लागत नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. तिच्यात प्रकरणाच्या स्वरूपानुसार कमाल दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असून तेथेच विनामूल्य वकीलही मिळतो.

शाळांवर कोणती बंधने आहेत?

मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, कंत्राटी असला तरी, पोलीस पडताळणी करणे केंद्रीय नियमांनुसार आवश्यक आहे. बदलापूरनंतर, २१ ऑगस्ट २०२४ रोजी, महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने सीसीटीव्ही, तक्रार पेटी, सखी-सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीची शाळेतील समिती) आणि चोवीस तासांत कळवण्याचे बंधन यांविषयी शासन निर्णय काढला. सखी-सावित्री समित्यांचा आदेश २०२२ चाच होता, तो या वेळी पुन्हा आठवला. पालकसभेत ‘आपल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली?’ एवढे विचारले, तरी पुष्कळ कळते.

महाराष्ट्राच्या शक्ती कायद्याचे काय झाले?

महिला व बालकांवरील अत्याचारांना अधिक कडक शिक्षा देणारे हे विधेयक विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये संमत केले, पण त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही. त्यामुळे कोणत्याही पोलीस ठाण्यात ‘शक्ती’खाली गुन्हा नोंदवता येत नाही.

लहानपणी झालेल्या अत्याचाराची तक्रार मोठेपणी करता येते का?

तीन वर्षांहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना कालमर्यादा नाही, त्यामुळे येते. मात्र १४ नोव्हेंबर २०१२ पूर्वीच्या घटनेला पोक्सो लागू होत नाही, तेव्हाचे दंड विधान लागू होते. पुरावा जुना असल्याने अडचणी येतात, हे आधीच ओळखून वकिलांचा सल्ला घ्यावा.

मुलाचे नाव बाहेर फुटले तर?

नाव, पत्ता, छायाचित्र, शाळा, शेजार, ओळख पटवणारा कोणताही तपशील प्रसिद्ध केल्यास सहा महिने ते एक वर्ष कारावास आहे. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर सहानुभूतीपोटी टाकलेला संदेशही अडचणीत आणू शकतो.

आरोपी निर्दोष सुटला किंवा त्याला जामीन मिळू लागला, तर कुटुंबाच्या हाती काही उरते का?

उरते. जामीन अर्जाच्या सुनावणीची सूचना बालकाच्या कुटुंबाला मिळायला हवी, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे आणि तेथे आपल्या वकिलामार्फत विरोध नोंदवता येतो. निर्दोष मुक्ततेविरुद्ध, कमी कलमाखाली दिलेल्या शिक्षेविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध पीडित बालकाला स्वतः अपील करता येते, त्यासाठी सरकारी पक्षाच्या निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.